रणगाडा मळवायचाय? चला नामपूरला!

वीकेंडला कुठे, या प्रश्नाची आपल्याकडची उत्तरं ठरलेली आहेत. लोणावळा, अलिबाग, महाबळेश्वर आणि फारच जोश असेल तर एखादा नाइट ट्रेक. या यादीत नामपूरचं नाव तुम्ही कधी ऐकलं नसेल. ऐकलं असेलच तर कांद्याच्या भावाच्या बातमीत! नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेला, बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या काठावर वसलेलं हे बाजाराचं गाव. बीच नाही, सनसेट पॉइंट नाही, रिसॉर्ट तर नाहीच नाही. पण तुमच्या टेबलावर प्लॅस्टिकचा अर्धवट रंगवलेला रणगाडा पडून असेल, तर दोन दिवस इथे येऊन बघाच.

स्केल मॉडेलिंगचा किडा चावलेली मंडळी आता आपल्या ऑफिसांमध्ये बरीच दिसतात. आठवडाभर एक्सेल शीटशी झटापट आणि शनिवारी रात्री चिमटा, ब्लेड, ब्रश. रणगाड्यांसाठी सगळ्यात लोकप्रिय प्रमाण १/३५. हा आकडा कुठल्याही थोर गणितातून आलेला नाही बरं का. जपानच्या तामिया कंपनीने १९६१ मध्ये पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं, त्याच्या पोटात बॅटऱ्या मावाव्यात म्हणून हा आकार ठरला. तो इतका रुळला, की पुढे जगभरच्या कंपन्यांनी तोच उचलला.

किटचे तुकडे जोडायला दोन-तीन वीकेंड पुरतात. हिरवा रंग मारायला एक. खरा खेळ त्यानंतर सुरू होतो, तो म्हणजे वेदरिंग. साध्या मराठीत, मळवणं. नव्या कोऱ्या गाडीवर ऊन, पाऊस, धूळ, चिखल, तेल, गंज आणि माणसांचे बूट यांच्या खुणा उमटवायच्या. यातच बहुतेकांची गाडी घसरते. कारण आपण बघतो काय, तर दुसऱ्या कुणीतरी रंगवलेल्या मॉडेलचे फोटो. त्याने तिसऱ्याचं बघितलेलं असतं. म्हणजे आपण रणगाड्याचं मॉडेल करत नाही, मॉडेलचंच मॉडेल करतो! सगळीकडे सारखाच गंज, सारखेच ओघळ, सारखाच चॉकलेटी चिखल. यावर उपाय एकच. खरंखुरं राबणारं अवजड यंत्र जवळून बघायचं. आणि त्यासाठी नामपूर एकदम फिट आहे.

ट्रॅक्टरची शाळा

नामपूरला स्वतःची कृषी उत्पन्न बाजार समिती आहे, शेजारी करंजाडला तिचा उपबाजार. हंगामात लिलावाच्या दिवशी सकाळी आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअपच्या रांगा लागतात. मोसम खोऱ्यातून आलेला कांदा, त्यावर व्यापाऱ्यांची बोली, हिशेब, चहा. आपण मात्र कांद्याकडे पाठ करून गाड्या बघायच्या. लोक जरा चमकतात. ट्रॅक्टरच्या मडगार्डचा फोटो काढणारा माणूस एक तर फायनान्स कंपनीचा असतो किंवा वेडा. "काय करी ऱ्हायना भाऊ?" असा अहिराणीत प्रश्न येतोच. खरं उत्तर द्यायचं. छोटा रणगाडा बनवतोय, त्याला मळवायचं कसं ते शिकायला आलोय. मग हसतात आणि स्वतःच दाखवायला लागतात. गाडीवर कुठे काय होतं हे ती चालवणाऱ्याइतकं कुणाला कळणार?

पहिला धडा रंग उडण्याचा. मॉडेल करणारे हौशी लोक स्पंज घेऊन गाडीभर ठिपके मारत सुटतात. ट्रॅक्टरकडे बघा. रंग उडतो तो पाय पडतो तिथे, हात घासतो तिथे, साखळी आपटते तिथे. चढायची पायरी झिजून लखलखीत झालेली असते, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावरचा पत्रा मात्र जवळजवळ नवा! रंग उडतो तोही थराथराने. वरचा रंग, त्याखाली प्रायमर, मग उघडा पत्रा. कांद्याच्या पापुद्र्यांसारखं. रोज घासली जाणारी जागा चकाकते, एकदा ओरखडून विसरलेली जागा तपकिरी होते. रणगाड्यावर हाच हिशेब लावा. ड्रायव्हरच्या झाकणाची कड, टरेटवर चढताना बूट टेकतो तो कोपरा, अवजारांच्या पेटीचं तोंड. बाकी ठिकाणी ब्रश आवरा.

दुसरा धडा डिझेलचा. टाकीच्या झाकणाखाली डिझेल सांडतं, त्याचा ओला काळपट ओघळ खाली उतरतो आणि त्यावर धूळ चिकटते. ओघळ नेहमी सरळ खाली जातो, कारण गुरुत्वाकर्षण फॅशन बघत नाही. मॉडेल हातात आडवं धरून ओघळ काढले, की ते तिरके जातात आणि सगळं बिंग फुटतं.

तिसरा धडा धुळीचा. धूळ सगळीकडे सारखी बसत नाही. आडव्या पत्र्यावर साचते, उभ्यावर जेमतेम टिकते, कोपऱ्यात आणि बोल्टांभोवती घट्ट बसते. जिथे माणूस बसतो तिथे पुसली जाते. बॉनेटवर बोटाने लिहिलेलं नाव आठवड्याने पुन्हा धुळीने भरतं, पण पूर्ण बुजत नाही. म्हणजे धुळीलाही वय असतं!

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मातीचा रंग. आपलं दख्खन म्हणजे बेसॉल्टचा देश. त्याच्यापासून झालेली काळी माती ओली असताना जवळजवळ काळी दिसते, सुकत आली की तपकिरी आणि पूर्ण सुकून उडाली की राखेसारखी करडी. एकाच ट्रॅक्टरवर हे तिन्ही रंग एकाच वेळी असतात. चाकाच्या आतल्या बाजूला सकाळचा ओला चिखल, मडगार्डवर कालचा, बॉनेटवर परवाची धूळ. एका बाटलीतला 'मड कलर' सगळीकडे फासणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

पोकलेन म्हणजे अर्धा रणगाडा

बागलाणात डाळिंब आणि द्राक्षांचे मळे खूप, त्यामुळे शेततळीही खूप. शेततळं खोदायला पोकलेन येतं. आणि पोकलेन म्हणजे काय? लोखंडी पट्ट्यांवर चालणारा, फिरतं डोकं असलेला, कित्येक टनांचा प्राणी. तोफेच्या जागी बकेट, बाकी नातं सख्खं! एखाद्या मळ्यात काम चालू असेल तर परवानगी घेऊन, सुरक्षित अंतरावर उभं राहून तासभर बघा. खड्ड्याच्या भिंतीतच रंगांची पट्टी तयार मिळते. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली खडक.

पोकलेनच्या पट्ट्या नीट न्याहाळल्या, तर वेदरिंगचा सगळ्यात अवघड भाग सुटतो. जमिनीला टेकणाऱ्या उंचवट्यांवरचं लोखंड घासून चांदीसारखं चमकतं, मधल्या खाचांमध्ये माती ठासून बसलेली असते. पट्टी ओढणाऱ्या दातेरी चाकाचे दात चकचकीत, त्याचा मधला भाग मात्र मळका. पावसाळ्यात यंत्र रात्रभर उभं राहिलं, की सकाळी त्याच चकाकणाऱ्या भागावर नारिंगी गंजाची पुटं चढतात आणि शंभर फूट चाललं की उतरतात. म्हणजे ताजा नारिंगी गंज हा उभ्या असलेल्या गाडीचा रंग आहे. तुमचा रणगाडा लढाईत धावतोय असं दाखवायचं असेल, तर पट्ट्या गंजक्या नारिंगी कशा असतील?

इथे स्केलचा हिशेबही डोक्यात पक्का बसवून घ्या. १/३५ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटर. तुम्ही सहज मारलेला तीन मिलिमीटरचा ठिपका म्हणजे तळहाताएवढा रंग उडालेला! वाळूचा एक मिलिमीटरचा कण म्हणजे चांगला लिंबाएवढा दगड. म्हणून मॉडेलवर लावायची माती वस्त्रगाळच हवी.

घरी आल्यावर

परदेशी ब्रँडच्या पावडरी आणि बाटल्या सुरेख असतात, पण खिसा रिकामा करतात. देशी पर्याय आपल्या घराजवळच आहेत. बेस कोट ॲक्रिलिकचा, त्यावर चकचकीत वॉर्निश. मग ट्यूबमधल्या ऑइल कलरचा बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून बोल्ट आणि सांध्यांभोवती सोडायचा. तो आपोआप खाचांमध्ये धावतो. याला म्हणतात वॉश. अर्ध्या तासाने टर्पेंटाइनमध्ये बुडवून पुसून घेतलेला ब्रश वरून खाली ओढला, की ओघळ तयार. प्रायमरच्या लालसर छटेला गेरू. घासलेल्या लोखंडाच्या चमकेसाठी मऊ पेन्सिलीचं शिसं, पट्टीच्या उंचवट्यांवर नुसतं घासायचं.

चिखलासाठी वस्त्रगाळ माती, थोडं फेव्हिकॉल, पाणी आणि रंगाचा थेंब. फेव्हिकॉलमध्ये मिसळलेली माती सुकल्यावरही गडदच राहते, म्हणून आधी डब्याच्या झाकणावर लावून, सुकवून बघा. सगळ्यावर मॅट वॉर्निश, आणि जिथला चिखल ओला दाखवायचा तिथेच थोडं चकचकीत. ॲक्रिलिकवर ऑइल चालतं. मधे वॉर्निशचा थर मात्र विसरू नका, नाहीतर टर्पेंटाइन खालच्या रंगालाही घेऊन जाईल. खिडकी उघडी, तोंडाला मास्क. वस्त्रगाळ धूळ फुप्फुसातही तितक्याच सहज जाते.

पण माती कुणाची?

आता जरा गंभीर होऊ. कारण ट्रॅक्टर आणि रणगाडा यांत एक मोठा फरक आहे.

नामपूरहून मालेगाव, मनमाड, येवला, कोपरगाव, राहुरी असं दक्षिणेला उतरत गेलं की नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. भारतीय लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे आहे. याच शहरात १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स-रॉइस चिलखती गाडीपासून ते चेन्नईजवळच्या आवडीला बनलेल्या विजयंतापर्यंत आणि हस्तगत केलेल्या पॅटनपर्यंत, रांगेने उभे असलेले रणगाडे. बघताना अंगावर काटा येतो. पण वेदरिंग शिकायला ही जागा नव्हे. कारण हे रणगाडे निवृत्त आहेत. रंगाचे जाड थर, स्वच्छ पट्ट्या, खाली नीटनेटकी जमीन. आकार, वेल्डिंगच्या रेषा, बोल्ट, जाडी यांसाठी नगर. मळ आणि झीज यांसाठी नामपूर. दोन्ही मिळून अभ्यास पूर्ण होतो.

नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरने एक सेंच्युरियन जपून ठेवला आहे. त्याचं नाव फामागुस्ता. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड भागात बसंतरच्या लढाईत याच रणगाड्यात लढले. रणगाडा पेटला, तो सोडायचा आदेश आला, तरी तोफ चालू आहे म्हणून ते आतच थांबले आणि लढत राहिले. वय २१. जन्म पुण्याचा. मरणोत्तर परमवीरचक्र. सेंच्युरियनचं वजन सुमारे ५० टन, तोफेसकट लांबी जवळपास दहा मीटर. १/३५ मध्ये तो २८ सेंटिमीटरचा होतो. शाळेतल्या फूटपट्टीवर मावतो.

हा रणगाडा रंगवायला घेतला की ब्रश थबकतो. जळल्याची खूण कुठे दाखवायची? किती? 'कूल' दिसतं म्हणून काळ्या भोकांची रांगोळी घालायची का? मॉडेलवरची प्रत्येक खूण हे एक विधान असतं. इथे गोळा लागला, इथून धूर निघाला, इथे माणूस चढला. ज्या खुणेमागे फोटो नाही, नोंद नाही, किमान यंत्राचा नियम नाही, ती न काढलेली बरी. धूळ अंदाजाने घालता येते. जखम अंदाजाने घालू नये.

आणि धूळही कुठली? बसंतर ही रावीच्या खोऱ्यातली नदी. तिथली माती गाळाची, फिकट. नामपूरची काळी माती त्या सेंच्युरियनला लावली, तर नकाशाच चुकला! सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला आपल्या सैन्याने कालव्याचं पाणी सोडून शेतं भिजवली होती. उसाच्या त्या चिखलात पॅटन रुतले, आणि पाकिस्तानचे नव्वदहून अधिक रणगाडे तिथे निकामी झाले किंवा हाती लागले. तिथला चिखलच लढाईचं एक पात्र आहे. डिसेंबर १९७१ मधल्या लोंगेवालाला तेच काम वाळूने केलं. म्हणजे पट्ट्यांमध्ये अडकलेली माती ही सजावट नसते. ती त्या दिवसाची साक्ष असते. पंजाबच्या धुळीसाठी किराणा दुकानातली मुलतानी माती बरीच जवळ जाते. फिकट, बारीक, आणि नावातच पत्ता!

म्हणून नामपूरहून आणायची ती माती नव्हे, मातीची वागणूक. ती कुठे साचते, कुठे झडते, कशी सुकते. रंग ज्या-त्या रणभूमीचा, शिकवण मात्र मोसमच्या काठची.

आपल्या मातीचा रणगाडा

मग नामपूरहून खिशात घालून आणलेली पुडी वाया? मुळीच नाही. दख्खनची काळी माती मिरवणारी एक खरी मोहीम आहे, आणि हौशी मॉडेलवाल्यांच्या टेबलावर ती क्वचितच दिसते. १३ सप्टेंबर १९४८. हैदराबाद संस्थानाविरुद्धची पोलिस ॲक्शन, ऑपरेशन पोलो. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखालची पहिली आर्मर्ड डिव्हिजन सोलापूरकडून निघाली आणि पहिल्याच दिवशी बोरी नदीकाठच्या नळदुर्गला पोहोचली. १८ सप्टेंबरला हैदराबादच्या सैन्याने शरणागती पत्करली. तेव्हा भारतीय सैन्याकडे शेरमन आणि स्टुअर्ट रणगाडे होते, दोन्हींची किट आज सहज मिळतात. महिना सप्टेंबर, दिवस पावसाळ्याचे, जमीन काळी. मराठवाड्याला स्वातंत्र्य मिळालं ते या चिखलातून. डांबरी किंवा खडीच्या रस्त्यावर करडी धूळ, कडेला उतरलेल्या पट्टीत काळा लगदा, मडगार्डवर सुकत आलेला तपकिरी थर. तिन्ही रंग तुम्ही नामपूरच्या ट्रॅक्टरवर पाहिलेलेच आहेत!

रविवारी हातात वेळ उरला, तर मोसमच्या उगमाकडे चला. ताहराबादच्या पुढे मुल्हेर, आणि पलीकडे १,५६७ मीटर उंचीचा साल्हेर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांमध्ये युनेस्कोच्या यादीत गेला तो हाच. १६७२ मध्ये याच्या परिसरात मराठ्यांच्या फौजेने मुघलांना उघड्या मैदानात हरवलं, आणि त्यात घोडदळाचा मोठा वाटा होता. रणगाड्यांच्या पलटणींना आजही 'हॉर्स' आणि 'कॅव्हलरी' म्हणतात. घोडा गेला, त्याच्या जागी इंजिन आलं. टापांनी उडणारी धूळ मात्र बहुधा याच रंगाची असणार. किल्ल्यावरची माती-दगड मात्र उचलू नका. पुडी खालच्या शेतातून, मालकाला विचारून.

जाण्याआधी

कसं जाल : नाशिकहून सटाणामार्गे किंवा मालेगावहून थेट. रेल्वेने यायचं तर मनमाड सोयीचं, पुढे एसटी किंवा गाडी.

कधी : कांदा बघायचा तर हंगामात, लिलावाच्या दिवशी सकाळी. चिखल बघायचा तर ऑगस्ट-सप्टेंबर, धूळ बघायची तर एप्रिल. सुटीच्या दिवशी लिलाव बंद असतात, त्यामुळे शुक्रवारी रजा टाकून निघालेलं उत्तम.

काय न्याल : कॅमेरा, वही, रंग जुळवायला छापील शेडकार्ड, झाकणाच्या दोन-तीन डब्या, जुनं मलमलचं कापड. फोटो काढण्याआधी गाडीवाल्याला विचारा. त्याच्यासाठी तो रोजीरोटीचा ट्रॅक्टर आहे.

नगरला : संग्रहालय लष्कराचं आहे. वेळा आधी विचारून घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा, फोटोंचे नियम पाळा.

आणि परत आल्यावर लगेच रंगवायला बसू नका. एक दिवस नुसते फोटो बघा. मग ब्रश घ्या, आणि जितका मळ लावायचा ठरवला असेल त्याच्या निम्मा लावा.